‘रेस्ट’ प्रथिन वर्गात कसे शिकवावे

नागपुरातल्या बी.एस्सी.च्या वर्गात ‘रेस्ट’ हे नियामक प्रथिन शिकवायचे असेल, तर सुरुवात मेंदूपासून न करता पेंचच्या कालव्यापासून करावी. कालव्याचा दरवाजा पाणी निर्माण करत नाही, फक्त अडवतो. त्याचप्रमाणे रेस्ट चेतापेशीची जनुके चालवत नाही, ती बंद ठेवते.

फळ्यावर प्रथम यकृताची पेशी काढावी. चेतापेशीची जनुके तिच्याही डीएनएमध्ये असतात. परंतु त्यांपैकी अनेक जनुकांजवळ सुमारे 21 अक्षरांचा एक ठरावीक क्रम असतो, तेथे रेस्ट बसते आणि डीएनएची गुंडाळी घट्ट करणारी इतर प्रथिने बोलावून घेते. (1995 मध्ये दोन प्रयोगशाळांनी हे प्रथिन स्वतंत्रपणे शोधले.) शेजारी मूलपेशी काढावी. तिच्यातही दरवाजा बंदच असतो, मात्र तात्पुरता: ती चेतापेशी होऊ लागली की रेस्टला युबिक्विटिनची, म्हणजे ‘हे प्रथिन मोडा’ अशी खूण चिकटते, ते मोडीत निघते आणि जनुके मोकळी होतात.

मग रेस्ट काढून टाकले की कोणतीही पेशी चेतापेशी होईल का, असे येथे हमखास विचारले जाते. होणार नाही, दरवाजा उघडला तरी धरणात पाणी हवे, म्हणजेच ती जनुके चालू करणारी प्रथिने त्या पेशीत असावी लागतात. या उत्तरावर घाई करू नये, कारण निम्मा धडा यातच आहे.

त्यानंतरच मेंदूच्या आरोग्याकडे वळावे. हार्वर्डच्या ब्रूस यँकनर यांच्या गटाने 2014 मध्ये दाखवले की, निरोगी वृद्धांच्या चेतापेशींच्या केंद्रकात रेस्ट पुन्हा वाढते आणि पेशीमृत्यूला चालना देणारी जनुके दाबते, तर अल्झायमरमध्ये ते केंद्रकातून बरेचसे नाहीसे झालेले असते. हंटिंग्टन या मेंदूच्या आनुवंशिक आजारात नेमके उलटे घडते: निरोगी हंटिंग्टिन प्रथिन रेस्टला केंद्रकाबाहेर धरून ठेवते, बिघडलेल्याला ते साधत नाही, आणि आत शिरलेले रेस्ट चेतापेशींना जगवणाऱ्या बीडीएनएफ या प्रथिनाचे जनुक दाबते.

त्यामुळे हे प्रथिन चांगले की वाईट, असा प्रश्न परीक्षेत घालू नये. त्याऐवजी यकृत, मूलपेशी, निरोगी वृद्ध, अल्झायमर आणि हंटिंग्टन अशा पाच कोऱ्या आकृत्या देऊन रेस्टचा ठिपका कोठे, आणि त्यामुळे कोणती जनुके बंद, एवढेच भरायला सांगावे. शेवटच्या दोन आकृत्यांत विद्यार्थ्यांकडून ठिपक्यांची अदलाबदल होते. त्या दोन्ही फळ्यावर शेजारी शेजारी काढून तपासाव्यात.