भाषेतल्या दिशा डोक्यात किती उतरल्यात, हे कसं तपासावं

ऑस्ट्रेलियातल्या उत्तर क्वीन्सलँडमधल्या गूगू यिमिथिर भाषेत वस्तूची जागा डावी-उजवी अशी सांगत नाहीत, पूर्व-पश्चिम अशी सांगतात. बोलण्याची ही पद्धत आठवणीतही उतरते का, ते दोन टेबलं आणि खेळण्यातले तीन प्राणी घेऊन तपासता येतं.

माणसाला उत्तरेकडे तोंड करून बसवा. प्राणी एका ओळीत, सगळ्यांची तोंडं पूर्वेला. ‘नीट लक्षात ठेवा’ एवढंच सांगा, प्राणी उचला, अर्धा मिनिट थांबा. मग त्याला मागच्या टेबलाकडे वळवा, म्हणजे तोंड दक्षिणेला होईल, आणि ‘होते तसेच मांडा’ म्हणा. तोंडं पुन्हा उजवीकडे, म्हणजे आता पश्चिमेला आली, तर त्याने स्वतःच्या शरीरावरून दिशा धरली. पूर्वेलाच राहिली, तर भूगोलावरून. मांडणी बदलत निदान पाच वेळा करा. एकदाच केलं तर योगायोग ओळखता येत नाही.

बिघडतं ते बहुतेक सूचनेत. तुमच्या तोंडून ‘डावीकडे’ निघालं किंवा नुसता हात हलला, तरी उत्तर फुटलं. खिडकी, दार अशी ठळक खूण समोर असली तर माणूस तिच्या आधाराने मांडतो, म्हणून पडदे लावून आणि उघड्यावर, दोन्हीकडे करून बघा. फोनचं होकायंत्र लोखंडी टेबलाजवळ चुकतं. दिशा लांब उभं राहून घ्या.

माणूस काळ कोणत्या दिशेने मांडतो, हे बघायला चार चित्रं पुरतात: केळं अख्खं, सोललेलं, अर्धं खाल्लेलं, नुसती साल. पिसून द्या, क्रमाने लावायला सांगा, मग बसण्याची दिशा बदलून पुन्हा. इंग्रजी वाचणारे बहुधा डावीकडून उजवीकडे लावतात, हिब्रू वाचणारे उजवीकडून डावीकडे. ऑस्ट्रेलियातल्याच पॉर्मपुराऊ गावच्या कूक थायोर भाषकांमध्ये कल मात्र पूर्वेकडून पश्चिमेकडे लावण्याचा दिसला. दक्षिणेकडे तोंड असेल तर डावीकडून उजवीकडे, पूर्वेकडे असेल तर चित्रं अंगाकडे येत जातात. त्यांना दिशा कोणीही सांगितलेली नव्हती, आणि या संशोधनातली सगळ्यात विलक्षण गोष्ट हीच आहे.

इथे लिपीचा परिणाम भाषेच्या खात्यावर सहज जमा होतो. माणूस कोणत्या लिप्या वाचतो, हे आधी विचारून नोंदवा. अँडीजमधल्या आयमारा भाषेसारखा भूतकाळ समोर मानणारा प्रकार तर चित्रांत सापडणारच नाही. तो पकडायला जुन्या दिवसांबद्दल बोलतं करा, चित्रीकरण करा आणि हात पुढे जातो की मागे ते पाहा. हातवारे करायला सांगू नका. सांगितले की ते खरे राहत नाहीत.