डिटेक्टरने सापडलेलं जुनं कॅथलिक मेडल: कोणाचं आणि किती जुनं, कसं ओळखायचं

शेतात मेटल डिटेक्टर वाजला, खणलं, आणि नाण्याऐवजी वर कडी असलेला एक हिरवट लंबगोल तुकडा निघाला की समजायचं बहुतेक भक्तीचं मेडल आहे. जपमाळेला किंवा गळ्यातल्या दोऱ्याला अडकवलेलं असायचं, दोरा झिजला की पडायचं, त्यामुळे युरोपातल्या शेतांत ही बऱ्यापैकी सापडतात. सापडलं की पहिला मोह होतो त्यावरचं साल वाचायचा. तिथेच जास्तीत जास्त लोक फसतात.

सगळ्यात जास्त सापडणारा नमुना घ्या. एका बाजूला हात खाली पसरून उभी मारिया (येशूची आई), बोटांतून किरण निघतायत, पायाखाली साप आणि खाली 1830. मागे मोठा एम, त्यावर क्रूस, खाली दोन हृदयं आणि कडेने बारा तारे. लोक लगेच लिहितात "1830 चं मेडल सापडलं!" अहो, 1830 हे पॅरिसमध्ये काथरीन लाबूरे या सिस्टरला मारियाचं दर्शन झालं ते साल, पहिली मेडलं बनलीच मुळी 1832 मध्ये, त्याच वर्षी पॅरिसमध्ये कॉलराची साथ होती आणि तेव्हापासून हे मेडल जे पसरलं ते आजतागायत बनतंय आणि साल तेच आहे. म्हणजे तुमच्या हातातलं 1840 चं असू शकतं आणि 1990 चंही.

संत बेनेडिक्टच्या मेडलचंही तेच. क्रूसावर आणि कडेने नुसती सुटी अक्षरं असतात, बघून वाटतं गुप्त संदेश आहे, पण ती लॅटिन प्रार्थनेची आद्याक्षरं आहेत, त्यातलं "वादे रेत्रो साताना" म्हणजे सैताना मागे हो. या मेडलला पोप बेनेडिक्ट चौदावे यांनी 1740 च्या दशकाच्या सुरुवातीला मान्यता दिली. नंतर संताच्या जन्माला 1400 वर्षं झाली म्हणून 1880 मध्ये इटलीतल्या मोंते कासिनोच्या मठाने नवं डिझाइन काढलं, त्यावर रोमन आकड्यांत 1880 असतं, आणि तेच डिझाइन आजही दुकानात मिळतं. त्यामुळे रोमन आकडे दिसले म्हणून उड्या मारू नका.

मग करायचं काय, तर उलटा विचार करायचा. मेडलवर जे जे दाखवलंय त्यातली सगळ्यात उशिराची गोष्ट कोणती ते शोधायचं, मेडल त्याच्या आधीचं असूच शकत नाही. मारियाच्या दर्शनासाठी प्रसिद्ध असलेल्या जागा इथे कामाला येतात: फ्रान्समधल्या लूर्दची गुहा आणि गुडघ्यावर बसलेली मुलगी दिसली तर 1858 नंतरचं, पोर्तुगालमधल्या फातिमाची तीन मुलं असतील तर 1917 नंतरचं, फ्रान्समधल्या ला सालेतची रडणारी मारिया असेल तर 1846 नंतरचं. एका बाजूला येशूचं पवित्र हृदय आणि दुसऱ्या बाजूला मारिया अशी साधी जोडी असेल तर ते कापडी स्कॅप्युलरच्या (भक्त गळ्यात घालतात त्या कापडाच्या छोट्या तुकड्यांच्या) जागी वापरायचं मेडल असण्याची शक्यता खूप, त्याला परवानगी पोप पायस दहावे यांनी 1910 मध्ये दिली. पोपचा चेहरा आणि नाव वाचता आलं तर कामच झालं, कारण त्यांच्या कारकिर्दी पक्क्या माहीत आहेत: पायस नववे 1846 ते 1878, लिओ तेरावे 1878 ते 1903, पायस अकरावे 1922 ते 1939. दरवाजाचं चित्र असेल तर ती रोमची पवित्र दारं, म्हणजे पवित्र वर्षाची (चर्च साधारण दर 25 वर्षांनी पाळतं त्या खास वर्षाची) आठवण, 1900, 1925, 1950 असं काहीतरी, आणि इथे मात्र सालावर बराच भरवसा ठेवता येतो कारण पुढच्या पवित्र वर्षाला जुनं साल कोण विकत घेणार?

आता माझा आवडता भाग, नावाआधीचं एक अक्षर. चर्च आधी माणसाला "धन्य" घोषित करतं आणि मग "संत". मेडलवर धन्य असेल तर नावाआधी बी असतो, संत असेल तर एस. या एका अक्षराने तारीख दोन्ही बाजूंनी आवळता येते. लुई गोन्झागा आणि स्तानिस्लाव कोस्तका हे दोन तरुण जेझुइट (एका कॅथलिक धर्मसंघाचे सदस्य) 1605 मध्ये धन्य झाले आणि 1726 मध्ये संत, म्हणजे बी असेल तर मेडल सहसा त्या मधल्या काळातलं. इग्नेशियस लोयोला 1609 मध्ये धन्य, फ्रान्सिस झेवियर 1619 मध्ये, आणि दोघंही 12 मार्च 1622 ला संत झाले, त्याच दिवशी आविलाची तेरेसा, फिलिप नेरी आणि शेतकरी इसिदोर यांनाही संतपद मिळालं, म्हणून पाच माणसं दाटीवाटीने उभी असलेली मेडलंही सापडतात. नेपोमुकचा योहान 1721 मध्ये धन्य, 1729 मध्ये संत. लिझियची छोटी तेरेसा 1923 आणि 1925, म्हणजे फक्त दोन वर्षांची खिडकी! पण पाडुआचा अँथनी 1232 मध्येच संत झाला, त्याच्या बाबतीत ही युक्ती काही कामाची नाही.

नाव झिजलं असेल तर हातात काय आहे ते बघा. बाळ येशू आणि लिलीचं फूल असेल तर अँथनी, कुत्रा आणि मांडीवर जखम असेल तर रोक, डोक्याभोवती पाच तारे असतील तर नेपोमुक, खांद्यावर बाळ घेऊन नदी ओलांडणारा ख्रिस्तोफर, गुलाब आणि क्रूस घेतलेली नन असेल तर बहुतेक छोटी तेरेसा. यू च्या जागी व्ही कोरलेला असेल तर लॅटिन, घाबरू नका. भाषेवरून कुठल्या देशातल्या लोकांसाठी बनलं तेही कळतं, कारण वरच्या 1830 वाल्या मेडलवरची प्रार्थना फ्रेंच, इटालियन, इंग्लिश अशा वेगवेगळ्या भाषांत छापलेली असते. खाली "रोमा" असेल तर रोमचं, आणि 17व्या-18व्या शतकातल्या मेडलांवर हे खूप दिसतं.

आता "याच्या आधीचं नाही" कळलं, पण "याच्या नंतरचं नाही" कसं कळणार? त्यासाठी चित्र सोडून धातू आणि कडी बघायची. मी तर आधी कडीच बघते. जुन्या, साधारण 17व्या-18व्या शतकातल्या मेडलांना कडी मेडलसोबतच ओतलेली असते आणि चेहऱ्याला आडवी, म्हणजे भोक समोरून दिसत नाही, बाजूने दिसतं. शिवाय दोन्ही बाजूंना आणि खाली छोटे गोळे किंवा टोकं असतात. नंतरच्या, 19व्या शतकातल्या मेडलांची कडी चेहऱ्याच्याच पातळीत सपाट असते, भोक समोरून दिसतं आणि त्यात वेगळी बारीक रिंग घातलेली असते. अपवाद आहेत, पण दर वेळी हेच पहिलं बघण्यासारखं आहे. ओतीव काम मऊ आणि खडबडीत, कडेला कानसीच्या खुणा, साच्यात ठोकलेलं काम धारदार. पांढरं आणि हातात घेतल्यावर हवेसारखं हलकं असेल तर अॅल्युमिनियम, हा धातू स्वस्तात काढायची पद्धत 1886 मध्ये सापडली, त्यानंतरच तो स्वस्त झाला, म्हणजे असं मेडल 19व्या शतकाच्या अखेरचं किंवा 20व्या शतकातलं. चांदीवर भिंगातून रानडुकराचं डोकं दिसलं तर चांदीच्या शुद्धतेचा पॅरिसचा 1838 नंतरचा शिक्का. "मेड इन इटली" दिसलं तर नवीनच समजा.

म्हणजे बघा, पाच संत, "रोमा", आडवी कडी आणि बाजूला गोळे हे सगळं एकत्र असेल तर 1622 नंतरचं आणि बहुतेक 18व्या शतकाच्या अखेरीआधीचं, इतकं तुम्ही छातीठोकपणे सांगू शकता.

साफ करताना कृपा करून लिंबू, व्हिनेगर, तारेचा ब्रश काहीही नको. मी सुरुवातीला एक पितळी मेडल लिंबाने चकाचक केलं, चकाचक झालं खरं, पण नावाची अक्षरंही गेली आणि आता ते कोणाचं होतं हे मला कधीच कळणार नाही. डिस्टिल्ड पाण्यात भिजवा, लाकडी टूथपिकने माती हळू काढा, हिरवा थर राहू द्या. वाचता येत नसेल तर घासायचं नाही, अंधाऱ्या खोलीत मोबाईलचा टॉर्च एकदम बाजूने मारायचा आणि फोटो काढायचा, मग टॉर्च फिरवत फिरवत चार-पाच फोटो, एकात नाही दिसलं ते दुसऱ्यात दिसतं.

आणि हो, जमिनीच्या मालकाची परवानगी आणि त्या देशाचा नियम आधी बघा. आयर्लंडमध्ये सरकारी परवानगीशिवाय जुन्या वस्तू शोधायला डिटेक्टर वापरणंच गुन्हा आहे. इंग्लंडमध्ये 1996 च्या ट्रेझर कायद्यानुसार 300 वर्षांपेक्षा जुनी आणि किमान 10 टक्के सोनं किंवा चांदी असलेली वस्तू 14 दिवसांत कळवावी लागते, म्हणजे 17व्या शतकातलं चांदीचं मेडल निघालं तर तेही त्यात येतं, पितळेचं एकटं निघालं तर सहसा नाही, पण कुठे आणि किती खोल सापडलं ते दोन्ही वेळा लिहून ठेवा.