स्लॅबच्या आधी वायरमनला बोलवा

लातूर-औसा भागात मी घरांचं वायरिंग करतो. लोक प्लास्टर झाल्यावर फोन करतात. अहो, फॅनबॉक्स (पंखा टांगायचा डबा) आणि वायरीचे पाइप स्लॅबच्या सळईला बांधायचे असतात, तेव्हा गवंड्यानं स्लॅबची तारीख धरली की लगेच कळवा.

भिंती उभ्या राहिल्या की पलंग, टीव्ही, फ्रीज, देवघर खडूनं आखा. कूलर खिडकीबाहेर बसणार, तिथंही पॉइंट हवाच. लाइटला दीड चौरस मिलिमीटरची वायर, साध्या सॉकेटला अडीच, गीझर-एसीला चार. गीझर आणि एसी प्रत्येकी स्वतंत्र एमसीबीवर, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणाऱ्या स्विचवर. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट अंगातून जमिनीकडं गळू लागला की पुरवठा तोडणारा स्विच, टाळू नका. ओल्या कूलरला हात लावणारी लेकरं घरात असतात.

इन्व्हर्टरची लाइन न्यूट्रलसकट (करंट परत नेणारी वायर) वेगळी ओढा. न्यूट्रल एकमेकांत मिसळले की आरसीसीबी सारखा पडतो, आणि मग दोष वायरमनचा! राउटरचा पॉइंटही याच लाइनवर घ्या, नाहीतर लाइट गेली की नेट गेलं.

अर्थिंगचं आपल्याकडं जास्त बघावं लागतं. काळी माती उन्हाळ्यात वाळून भेगाळते, तिचा रोध वाढतो. अर्थिंगच्या खड्ड्याचं तोंड उघडता येईल असं ठेवा आणि अधूनमधून पाणी ओता, टँकरचं असलं तरी.

नेटसाठी शुद्ध तांब्याची कॅट सिक्स केबल, स्वतंत्र पाइपातून, विजेच्या वायरीपासून फूटभर लांब. ओलांडायचीच तर काटकोनात. गच्चीवर कॅमेऱ्यासाठी एक रिकामा पाइप सोडा, आत नायलॉनची दोरी घालून. पाइप बुजवण्याआधी भिंतीला मोजायची टेप लावून मोबाइलवर फोटो काढा.