केमो सुरू करण्यापूर्वी : वॉर्डमधील परिचारिकेने करावयाच्या तपासणीची तयारी

केमोथेरपीच्या दिवशी रुग्णाच्या खाटेपाशी जाण्यापूर्वी परिचारिकेने त्याचा केस पेपर सावकाश वाचून घ्यावा. निदान काय आहे, आजची सायकल (केमोची फेरी) कितवी आहे, मागच्या वेळी डोस कमी केला होता की पुढे ढकलला होता आणि कोणत्या औषधाची ॲलर्जी नोंदलेली आहे, एवढे तरी ठाऊक असल्याशिवाय बोलायला बसू नये. ओळख पटवताना ‘तुम्ही पाटीलकाका ना?’ असे विचारू नये, कारण थकलेला माणूस कोणत्याही नावाला मान डोलावतो. ‘काका, तुमचे पूर्ण नाव सांगा’ असे म्हणून ते मनगटावरील पट्टीशी आणि नोंदणी क्रमांकाशी ताडून पाहावे.

वजन मागच्या कागदावरून उतरवून न घेता त्याच दिवशी करावे. बहुतेक औषधांचा डोस शरीराच्या पृष्ठफळावर ठरतो, आणि ते काढण्यासाठी सेंटिमीटरमधील उंचीला किलोमधील वजनाने गुणून 3600 ने भागतात व आलेल्या संख्येचे वर्गमूळ घेतात. 160 सेंटिमीटर उंची व 50 किलो वजन असल्यास ते सुमारे 1.49 चौरस मीटर येते. वजनात 10 टक्क्यांच्या आसपास फरक पडला असेल तर डॉक्टरांना तसे कळवावे. वजन वाढलेले दिसले तरी पोट व पाय पाहावेत, कारण ती वाढ पाणी साचल्यामुळेही असू शकते.

रक्ताच्या अहवालात प्रथम तारीख पाहावी, मग आकडे. बहुतेक उपचारयोजनांमध्ये न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या) पेशी प्रति घन मिलिमीटर किमान 1500 आणि प्लेटलेट किमान 1 लाख असाव्या लागतात, मात्र अंतिम निर्णय डॉक्टरांचा असतो. सिस्प्लॅटिन द्यायचे असेल तर क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी तपासणी), मॅग्नेशियम आणि लघवीचे प्रमाण. डॉक्सोरुबिसिन द्यायचे असेल तर बिलिरुबिन (यकृताची तपासणी), 2डी इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि आजवर मिळालेला एकूण डोस. पॅक्लिटॅक्सेल द्यायचे असेल तर आधीच्या स्टेरॉइड व ॲलर्जीविरोधी औषधांच्या वेळा, हे सारे हाताशी असावे.

यानंतरचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि घाईत नेमका तोच राहून जातो. मागच्या सायकलपासून आजपर्यंतचे दिवस घरी कसे गेले, हे कोणत्याही अहवालात नसते. शिवाय अनेक रुग्ण त्रास लपवतात, कारण डोस पुढे गेला तर रेल्वेचे तिकीट, मुलाची रजा आणि धर्मशाळेतील खोलीची मुदत असे सगळेच कोलमडते. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात दूरदूरच्या राज्यांतून येऊन दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी राहणाऱ्या कुटुंबांची ही चिंता खरी असते आणि तिचा मान राखूनच प्रश्न विचारावे लागतात. ‘काही त्रास नाही ना?’ या प्रश्नाला ‘नाही, सिस्टर’ याखेरीज दुसरे उत्तर मिळत नाही. त्याऐवजी ताप आला होता का, कितव्या दिवशी, आणि त्यावर पॅरासिटामॉल घेतले होते का, असे विचारावे. पांढऱ्या पेशी बहुधा सातव्या ते चौदाव्या दिवसादरम्यान सर्वांत कमी असतात आणि गोळीने ताप झाकला जातो. पावसाळ्यात मुंबईत मलेरिया, डेंग्यू आणि लेप्टोस्पायरोसिस यांचे रुग्ण वाढतात, तेव्हा घरचे लोक ‘साथीचाच ताप असेल’ असे समजून थांबून राहतात. म्हणून या महिन्यांत हा प्रश्न दोनदा विचारावा. तोंड टॉर्चने पाहावे आणि भाकरी खाता येते की केवळ पेज जाते, हे विचारावे. जुलाब दिवसातून किती वेळा झाले हे आकड्यात लिहावे. व्हिन्क्रिस्टिन चालू असल्यास बद्धकोष्ठतेची चौकशी करावी. शर्टाची बटणे लावता येतात का, पायातून चप्पल निसटली तर कळते का, या साध्या प्रश्नांतून नसांवरचा परिणाम ‘मुंग्या येतात का’ या प्रश्नापेक्षा लवकर उघड होतो, आणि ऑक्सॅलिप्लॅटिन घेणाऱ्यांना गार पाण्याचा त्रास झाला का, हेही विचारावे. कोणी प्रेमाने दिलेला काढा किंवा चूर्ण चालू असेल तर न रागावता त्याची नोंद करून डॉक्टरांना दाखवावी.

शीर निवडताना कोपराचा सांधा टाळावा, आणि स्तनाची शस्त्रक्रिया होऊन काखेतील गाठी काढल्या असतील तर शक्यतो त्या बाजूचा हात वापरू नये. पोर्ट (छातीच्या त्वचेखाली बसवलेली औषधाची डबी) असो वा पिक लाइन (दंडाच्या शिरेतून आत नेलेली लांब नळी), रक्त सहज मागे येते का हे पाहिल्याशिवाय औषध जोडू नये. डॉक्सोरुबिसिन किंवा व्हिन्क्रिस्टिन शिरेबाहेर पडले तर मांस जळते. अशा वेळी औषध लगेच थांबवावे, सुई न काढता तिच्यातूनच शक्य तितके औषध ओढून घ्यावे आणि डॉक्टरांना बोलवावे. डॉक्सोरुबिसिनला थंड शेक आणि व्हिन्क्रिस्टिनला गरम शेक, हा फरक अशा वेळी वापरायच्या किटवरच मोठ्या अक्षरांत लिहिलेला असावा.

नाडी, रक्तदाब, श्वास, तापमान आणि ऑक्सिजन यांच्या सुरुवातीच्या नोंदी औषधापूर्वीच घ्याव्यात, अन्यथा नंतर झालेला बदल कशाशी ताडून पाहायचा हाच प्रश्न पडतो. पॅक्लिटॅक्सेलची तीव्र प्रतिक्रिया बहुधा पहिल्या किंवा दुसऱ्या डोसच्या पहिल्या काही मिनिटांतच येते, त्यामुळे ॲड्रेनॅलिन व ऑक्सिजन तयार ठेवून परिचारिकेने तेवढा वेळ खाटेजवळच थांबावे.

घरी जाण्याची तयारीही याच तपासणीत धरावी. रुग्ण कसारा, कर्जत किंवा पालघरकडे राहत असेल तर मध्यरात्रीनंतर लोकल बंद असताना रुग्णालयात कसे पोहोचणार, हे आधीच ठरवून घ्यावे, कारण न्यूट्रोफिल 500 च्या खाली असताना आलेल्या तापात पोहोचल्यापासून तासाभरात अँटिबायोटिक सुरू व्हावे लागते. लघवी व उलटी साफ करताना 48 तास हातमोजे घालावेत. चाळीतील सामाईक शौचालयात भरपूर पाणी दोनदा ओतावे. ताप 100.4 फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक आला तर सकाळची वाट न पाहता फोन करून निघायचे आहे, हे सोबतच्या नातेवाइकाला सांगावे आणि त्यांच्याच हाती थर्मामीटर देऊन आकडा मोठ्याने वाचून घ्यावा.