‘कॉर्न्युकोपिया’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ आणि मूळ कसे शोधावे

विपुलतेसाठी इंग्रजीत जे अनेक शब्द आहेत, त्यांमध्ये ‘कॉर्न्युकोपिया’ हा मराठी वाचकाला बहुधा सर्वांत परका वाटतो. त्याचा उच्चार लांबलचक आहे, तो लॅटिनमधून आलेला आहे आणि वर्तमानपत्री इंग्रजीत तो अधूनमधूनच भेटतो. तरीही नाशिक जिल्ह्यातील वाचकाला या शब्दाचा अर्धा भाग लहानपणापासून ठाऊक असतो, आणि तो कसा हे एकदा पद्धतशीरपणे पाहिले तर शब्द कायमचा लक्षात राहतो.

पहिली खबरदारी शब्द फोडण्याविषयी घ्यावी. विद्यार्थ्यांसमोर हा शब्द ठेवला की ‘कॉर्न’ म्हणजे मका हा अंदाज लगेच पुढे येतो, आणि मक्याचे पीक घेणाऱ्या आपल्या जिल्ह्यात तो येणे स्वाभाविकही आहे. शिवाय हा शब्द ज्या शिंगाच्या चित्राला लावतात त्यातून धान्य आणि फळे ओसंडून वाहत असल्यामुळे तो अंदाज पटतोसुद्धा. तथापि तो चूक आहे. धान्य या अर्थाचा ‘कॉर्न’ हा इंग्रजीचा स्वतःचा जुना शब्द असून त्याचे नाते लॅटिनमधील ‘ग्रानुम’ म्हणजे दाणा या शब्दाशी आहे. पायाला होणाऱ्या कुरुपालाही इंग्रजीत ‘कॉर्न’ म्हणतात. तो मात्र आपल्या शब्दाच्या कुळातला आहे, कारण त्या ठिकाणची कातडी शिंगासारखी कडक होते. तेव्हा केवळ अक्षरे सारखी दिसतात म्हणून नाते जुळवू नये. ज्या इंग्रजी कोशात व्युत्पत्ती दिलेली असते असा कोश उघडून शब्दाचे तुकडे तेथे जसे केले असतील तसेच धरावेत.

कोशात हे तुकडे ‘कॉर्नू’ आणि ‘कोपिए’ असे मिळतात. पहिला म्हणजे शिंग. दुसरा ‘कोपिया’ म्हणजे विपुलता या शब्दाचे षष्ठीचे रूप. म्हणजे ‘विपुलतेचे शिंग’. अभिजात लॅटिनमध्ये हे दोन सुटे शब्द होते, उत्तरकालीन लॅटिनमध्ये ते जोडले गेले आणि 16व्या शतकात जोडशब्द इंग्रजीत आला.

आता पहिल्या तुकड्याकडे सावकाश पाहावे, कारण खरा आनंद तेथे आहे. लॅटिनमध्ये शब्दाच्या आरंभी जेथे ‘क’ आहे, तेथे इंग्रजीत पुष्कळदा ‘ह’ आणि संस्कृतात ‘श’ आढळतो. लॅटिन ‘केंटुम’, इंग्रजी ‘हंड्रेड’ आणि संस्कृत ‘शतम्’ ही शंभराची तीन रूपे एकाच मुळाची आहेत; लॅटिन ‘कॅनिस’, इंग्रजी ‘हाउंड’ आणि संस्कृत ‘श्वन्’ ही कुत्र्याची. हाच नियम लावला की लॅटिन ‘कॉर्नू’, इंग्रजी ‘हॉर्न’ आणि संस्कृत ‘शृंग’ एका ओळीत येऊन उभे राहतात, आणि शृंगापासून आपले ‘शिंग’ आले आहे. एकाच जोडीवरून निष्कर्ष काढू नये, निदान दोन-तीन जोड्या त्याच नियमाने जुळतात का ते पाहावे, ही सवय लावून घेतली तर व्युत्पत्तीतील निम्म्या चुका टळतात.

संस्कृतात ‘शृंग’ म्हणजे जसे शिंग तसे पर्वताचे शिखरही. वणीच्या सप्तशृंगी गडाच्या नावात हाच दुसरा अर्थ आहे: सात शिखरांमध्ये वसलेली ती सप्तशृंगी. युरोपातही शिंगाचे शिखर झाले आहे. आल्प्समधील ‘मॅटरहॉर्न’ या पर्वताच्या नावातला ‘हॉर्न’ तोच. शिंगाचे वाद्य होणे हीदेखील दोन्हीकडची गोष्ट आहे. आपण रणशिंग फुंकतो, इंग्रजीत ‘हॉर्न’ वाजतो आणि ‘कॉर्नेट’ हे वाद्य तर सरळ ‘कॉर्नू’पासून आलेले आहे. याच कुळात डोळ्याचा ‘कॉर्निया’, एकशिंगी ‘युनिकॉर्न’ आणि कोपऱ्यासाठीचा ‘कॉर्नर’ हे शब्द येतात. गडाच्या पायऱ्या चढणाऱ्या नाशिककराने ‘कॉर्न्युकोपिया’चा पूर्वार्ध पाठ करण्याची गरज नाही, असे मी म्हणतो ते यामुळे.

दुसरा तुकडा अधिक आडवळणाचा आहे. ‘कोपिया’ हा शब्द ‘को’ म्हणजे एकत्र आणि ‘ऑप्स’ म्हणजे संपत्ती, सामर्थ्य यांतून बनला. ऑप्स या नावाची समृद्धीची देवीही रोमन लोक पूजत असत. ऐश्वर्य या अर्थाचा इंग्रजी ‘ऑप्युलन्स’ याच मुळाचा आहे, आणि ऋग्वेदातील ‘अप्नस्’ म्हणजे धन हा शब्द त्याचा दूरचा भाऊबंद मानला जातो. ‘कॉपी’ हा शब्दसुद्धा येथूनच निघाला. मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘कोपिया’ला मजकूर उतरवून घेण्याची मुभा आणि पुढे उतरवलेली प्रत असा अर्थ आला, प्रती वाढल्या की मजकूर विपुल होतो, हे त्यामागचे सूत्र.

मूळ कळले तरी विपुलतेला शिंगच का, हा प्रश्न उरतो आणि त्यासाठी पुराणकथेकडे जावे लागते. ग्रीक कथेनुसार पुढे देवांचा राजा झालेल्या बाल झ्यूसला त्याच्या पित्यापासून वाचवण्यासाठी क्रीट बेटावर लपवले असता अमाल्थियाच्या शेळीने त्याला दूध पाजले. काही कथांत अमाल्थिया ही स्वतः शेळी आहे, तर काहींत शेळी पाळणारी अप्सरा. त्या शेळीचे मोडलेले शिंग फळांनी भरून झ्यूसला देण्यात आले. दुसऱ्या कथेत नदीदेव अकेलोअस बैलाचे रूप घेऊन महावीर हेराक्लिसशी झुंजतो, त्यात त्याचे शिंग उपटले जाते आणि जलदेवता ते फळाफुलांनी भरतात. रोमन कवी ओव्हिड याने या दोन्ही कथा वेगवेगळ्या काव्यांत सांगितल्या आहेत, म्हणून त्यांतली एकच खरी असे लिहू नये. मला स्वतःला दुसरी कथा अधिक अर्थपूर्ण वाटते, कारण नदीला आवर घातला की काठची जमीन पिकते हे गोदावरीच्या खोऱ्यात राहणाऱ्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

चित्रे पाहिल्यानेही अर्थ पक्का होतो. हे शिंग भारतात नाण्यांवरून फार पूर्वीच आले होते. कुषाण राजांच्या नाण्यांवर अर्दोक्षो नावाची देवी हातात ते धरून आहे, आणि आरंभीच्या गुप्त नाण्यांवरील देवीच्या हातीही ते दिसते. पुढे त्याच्या जागी कमळ येत गेले व ती देवी आपल्या ओळखीची लक्ष्मी झाली. नाशिकजवळ अंजनेरी येथे नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे. या विषयाची गोडी लागलेल्याने तेथे अवश्य जावे. आजही पेरूच्या राजचिन्हावर सोन्याची नाणी ओतणारे शिंग आहे.

आजच्या इंग्रजीत मात्र प्रत्यक्ष शिंग क्वचितच अभिप्रेत असते. अनेक प्रकारच्या चांगल्या गोष्टींचा न संपणारा साठा, हा त्याचा चालू अर्थ. त्यापासून बनलेले ‘कॉर्न्युकोपियन’ हे विशेषण, माणसाच्या कल्पकतेमुळे साधनसंपत्ती संपणार नाही असे मानणाऱ्या विचारवंतांना लावतात. अर्थतज्ज्ञ ज्युलियन सायमन हे त्यांतले प्रमुख. 1980 साली त्यांनी, साधनसंपत्ती अपुरी पडेल असे मानणारे जीवशास्त्रज्ञ पॉल अर्लिक यांच्याशी, पाच धातूंच्या किमती वाढणार नाहीत अशी दहा वर्षांची पैज लावली आणि 1990 साली ती जिंकली.

शेवटचे काम मराठी प्रतिशब्द निवडण्याचे, आणि तेथे घाई करू नये. संस्कृत शब्दांसाठी आपटे यांचा, तर मराठीसाठी मोल्सवर्थ यांचा 1857 सालचा कोश आणि कृ. पां. कुलकर्णी यांचा व्युत्पत्तिकोश जवळ ठेवावा. न संपण्यावर भर असेल तेथे सूर्याने पांडवांना दिलेले ‘अक्षयपात्र’ हा शब्द सर्वांत जवळचा, कारण तोही कथेतून आलेला आणि पात्राचाच आहे. विविधतेवर भर असेल तेथे ‘रेलचेल’ चालतो. ‘ऐश्वर्य’ मात्र येथे बसत नाही, कारण त्यात ईश्वराची सत्ता आहे, भरलेपण नाही. ‘सुभिक्ष’ हा सुंदर शब्द, मागितल्यास भिक्षा सहज मिळेल असा काळ सांगणारा, धान्यापुरताच वापरावा. लासलगावच्या बाजारात कांद्याची आवक इतकी वाढते की भाव कोसळतो, तेव्हा माल विपुल असूनही त्याला कोणी ‘कॉर्न्युकोपिया’ म्हणणार नाही. त्यासाठी इंग्रजीत ‘ग्लट’ हा वेगळा शब्द आहे आणि मराठीत ‘बेसुमार आवक’ म्हणणेच योग्य ठरते.