परातीतलं पाणी: रब्बीच्या नियोजनासाठी गावकऱ्यांसोबत खेळायचा खेळ

भूजल म्हणजे काय हे शेतकऱ्याला शिकवायला जाऊ नये. विहिरीची दोरी किती उतरते हे त्याला कोणाही प्रशिक्षकापेक्षा चांगलं ठाऊक असतं. अडचण दुसरीच असते. आपल्या विहिरीचा उपसा आणि शेजाऱ्याची विहीर यांचा संबंध सगळ्यांनी मिळून एका वेळी पाहिलेला नसतो. तक्ते आणि भाषणं तो दाखवत नाहीत, कारण मान डोलावणाऱ्याला तिथे काही ठरवावंच लागत नाही. खेळात ठरवावं लागतं, आणि ठरवलेल्याचं फळ पुढच्या फेरीत समोर येतं.

साहित्य: पाच खेळाडूंच्या एका गटाला एक परात, 60 चिंचोके, एक फासा, मूठभर हरभरे, तेवढ्याच लसणाच्या पाकळ्या आणि खडू. पाकळी म्हणजे कांद्याचं पीक. अख्खा कांदा मुठीत लपत नाही. लिहिता-वाचता न येणाऱ्यांनाही बरोबरीने खेळता यावं म्हणून कागद-पेन मुद्दाम ठेवलेलं नाही. गुण जमिनीवर खडूच्या रेघांनी मांडायचे.

नियम: परातीत 40 चिंचोके टाका. हे पाचही कुटुंबांचं जमिनीखालचं पाणी. एक फेरी म्हणजे एक रब्बी हंगाम. प्रत्येकाने मुठीत हरभरा किंवा पाकळी लपवायची आणि सगळ्यांनी एकदम मूठ उघडायची. हरभरा लावणारा 1 चिंचोका उचलतो, त्याला 2 गुण. कांदा लावणारा 3 चिंचोके उचलतो, त्याला 5 गुण. पाणी कमी पडलं तर दर फेरीला चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवा. ज्याच्या वाट्याला पुरेसं पाणी आलं नाही त्याचं पीक वाळलं: कांदा असेल तर 3 गुण वजा (बियाणं आणि मजुरी बुडाली), हरभरा असेल तर शून्य.

उपसा झाल्यावर परातीत 10 पेक्षा कमी चिंचोके उरले तर गावात टँकर आला. पाचही जणांचे 2-2 गुण वजा, हरभरा लावणाऱ्याचेसुद्धा. या नियमावर लोक हमखास चिडतात. चिडू द्या, चर्चेत त्याचा उपयोग होतो.

मग पाऊस. फाशावर 1 पडला तर दुष्काळ, 3 चिंचोके परातीत टाका. 2 ते 5 पडला तर 8, आणि 6 पडला तर 12. परातीत 50 च्या वर गेलेले चिंचोके ओढ्याने वाहून गेले. अशा आठ फेऱ्या खेळायच्या, पण किती फेऱ्या आहेत ते सांगायचं नाही. सांगितलं की शेवटच्या फेरीत सगळे परात उपसून टाकतात.

पहिला डाव बोलणं बंद ठेवून खेळवा. त्यानंतर गटाला 10 मिनिटं मोकळं बोलू द्या आणि तोच खेळ पुन्हा लावा. दुसऱ्या डावात हवा तो करार करायला मुभा द्या. एक डाव साधारण 25 मिनिटांत होतो. चर्चेला निदान 45 मिनिटं राखून ठेवा. वेळ कमी असेल तर फेऱ्या कमी करा, चर्चा कापू नका. शिकणं मुख्यतः तिथेच होतं.

खेळवणाऱ्याला हे आकडे पाठ हवेत. दर वर्षी पाऊस 8 चाच धरला आणि सगळ्यांनी आठही फेऱ्या कांदाच लावला, तर चौथ्या फेरीत टँकर येतो, पाचव्या फेरीत पहिलं पीक वाळतं, आणि शेवटी पाचांचे मिळून 86 गुण होतात. सगळ्यांनी हरभराच लावला तर 80. दर फेरीत फक्त दोघांनी पाळीपाळीने कांदा लावला तर 128, आणि टँकर एकदाही येत नाही. नगदी पीक वाईट असं हा खेळ म्हणत नाही. ते किती जणांनी, कोणत्या वर्षी लावायचं हे ठरवायला लावतो. पण हे तुम्ही सांगायचं नाही. दोन गटांच्या रेघा शेजारी शेजारी आल्या की कोणीतरी विचारतंच, "त्यांचे एवढे कसे झाले?" तो प्रश्न येईपर्यंत गप्प बसणं हेच खेळवणाऱ्याचं सर्वांत अवघड काम आहे.

बिघडतं कुठे? सुरुवातीला टाळ्या वाजवायला, प्राणी व्हायला लावलं तर पन्नाशीची माणसं उठून जातात. आपल्याला पोरासोरांत काढलं असं त्यांना वाटतं. थेट परातीपाशी बसवा. थट्टामस्करी तिसऱ्या फेरीपासून आपोआप सुरू होते. सरपंच, मोठा बागायतदार आणि त्याचा गडी एका परातीवर नकोत. गडी मुठीत तेच धरेल जे मालक धरेल. बायकांची परात वेगळी ठेवा आणि त्यांची वेळही त्यांनाच विचारून ठरवा. टँकरचा हंडा त्याच भरतात, म्हणून चर्चेत त्यांना आधी बोलू द्या. पैशाचं बक्षीस लावू नका, लोक करार करायचं सोडून जिंकायच्या मागे लागतात. आणि खऱ्या माणसाच्या बोअरवेलचं नाव कोणी काढलं तर बोलणं लगेच परातीवर आणा, नाहीतर जुनी भांडणं उकरली जातात.

चर्चेत तीनच प्रश्न पुरतात: चौथ्या फेरीत मूठ धरताना मनात काय होतं? करार कोणी मोडला, आणि मोडल्यावर काय केलं? आपल्या गावात ही परात केवढी आहे?

तिसऱ्या प्रश्नापासून खेळ संपतो आणि हिशेब सुरू होतो. 1 हेक्टरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 10,000 लिटर पाणी. 1,000 हेक्टरच्या शिवारात 400 मिलिमीटर पडला तर 400 कोटी लिटर. त्यातलं बरंचसं बाष्प होऊन उडतं, काही वाहून जातं, थोडंच मुरतं. आपल्या भागातलं प्रमाण भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात विचारा. पिण्याचं आणि जनावरांचं पाणी आधी बाजूला काढा, उरलेल्यात पिकं बसवा. अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार असाच ताळेबंद ग्रामसभेत मांडून पिकं ठरवतं.

बैठक दसऱ्याच्या आसपास घ्या: पाऊस मोजून झालेला असतो आणि रब्बीचा बराचसा पेरा अजून हातात असतो. दिवाळीनंतर बोलावलं तर कांद्याची रोपं वाफ्यात तयार असतात, आणि तयार रोपं कोणी फेकून देत नाही.