आत्याचं बंद पडलेलं निराधार अनुदान

आत्याचं संजय गांधी निराधारचं अनुदान अचानक थांबलं. कार्यालयात विचारलं तर म्हणे, हयातीचा दाखला मागितला होता, मुदत संपली. नोटीस कुठे? फलकावर! तापीकाठच्या खेड्यातून ऐन कापूस वेचणीत तालुक्याला फलक वाचायला कोण जातं? आत्या एवढंच म्हणाली, "कागद उनाच नही, मंग जबाब काय दिऊ?"

हेच मी अर्जात लिहिलं. दाखला जोडला आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का घेतला. शिक्क्याशिवाय खिडकी सोडू नका, साहेब कितीही गोड बोलले तरी. सोबत १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकारात मागितलं: नोटिशीची प्रत, ती आत्याला मिळाल्याची पोच आणि अनुदान बंद केल्याच्या आदेशाची नक्कल. २००५ च्या या कायद्याचं कलम ४ सांगतं, की निर्णयाची झळ ज्याला बसते त्याला कारणं कळवावीत. उत्तराला ३० दिवस. नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील.

अपिलापर्यंत गेलंच नाही. पोच त्यांच्याकडे नव्हती. अनुदान सुरू झालं. थकलेल्या महिन्यांसाठी मात्र वेगळा अर्ज द्यावा लागला, तो अजून टेबलावर आहे.